न सांडलेलं सूप

माझा चेहरा तुम्ही पाहिलेला आहे, पण सुरुवातीला तरी तो तुमच्या लक्षात राहिला नसेल. राहू नये म्हणूनच तर मला ठेवलं होतं.

'झाली का फजिती' नावाचा कार्यक्रम टीव्हीवर लागायचा. नटनट्या, गायक, खेळाडू अशा बड्या मंडळींना लपवलेल्या कॅमेऱ्यांसमोर गंडवायचं, आणि ते पुरेसे चिडले किंवा घाबरले की पडद्याआडून निवेदक फुलांचा गुच्छ घेऊन धावत यायचा. मग सगळे पोट धरून हसायचे. त्यातला नटीची बॅग भलत्याच गाडीत टाकणारा हमाल, चुकीचा दात उपटायला निघालेला दवाखान्यातला मदतनीस, खेळाडूच्या नव्याकोऱ्या बुटांवर पाय देणारा शिपाई, हे सगळे मीच.

शाळेत मला घाम्या म्हणायचे. फळ्यासमोर उभं केलं तरी माझी कॉलर भिजायची. स्नेहसंमेलनात माझ्यावर द्वारपालाचं काम सोपवलं होतं. भाला धरून गप्प उभं राहायचं, एवढंच. पण पडदा वर गेला आणि मला असा दरदरून घाम फुटला की चिकटवलेली मिशी ओठावरून निघाली ती सावकाश हनुवटीपर्यंत पोचली. नेमका तेव्हाच राजा मरत होता. लोक इतके हसले की राजाला दोनदा मरावं लागलं. राजा अजूनही माझ्याशी बोलत नाही.

एवढं होऊनही मी नट व्हायचं ठरवलं. का, ते विचारू नका. बाबांनी विचारलं होतं आणि मला सांगता आलं नव्हतं. बाबांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा माणूस ऐटीत स्टिअरिंग फिरवत असतो, आणि गाडी थांबते ती बाबांच्या मर्जीने. वर्षानुवर्षं हे पाहून, जगात कोणी स्वतःच्या हिमतीवर काही चालवतं यावरचा त्यांचा विश्वासच उडालाय.

"हो बाबा नट," ते म्हणाले. "दमलास की ये. माझी सीट काही कुठे जात नाही."

कार्यक्रमाच्या दिग्दर्शिका होत्या मॅडम. त्यांनी मला निवडायच्या दिवशी एकच करायला सांगितलं. समोरच्या साहेबांच्या कोटावर तुझ्या हातून शाई सांडली आहे, माफी माग. माफीचा पहिला शब्द तोंडातून निघायच्या आत मी नखशिखान्त निथळायला लागलो. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

"हा पाणी मारून आलाय का?" त्यांनी मेकअपकाकांना विचारलं.

काकांनी माझ्या कपाळाला टिश्यू लावून पाहिला, उजेडात धरला आणि मान डोलावली. "अस्सल आहे."

अशी मला नोकरी लागली. कानात एक बारीकसा वाटाण्याएवढा स्पीकर असायचा, त्यातून मॅडम शेजारच्या खोलीतून बोलायच्या. कॉलरखाली माइक. टिश्यूच्या खोक्यात, कुंडीत, भिंतीवरच्या घड्याळात कॅमेरे. आणि मधोमध मी, समोरच्या बड्या माणसाला खरंखुरं घाबरून. मला बिचाऱ्याला वाटायचं, हा सगळा माझ्या अभिनयाचा प्रताप. ज्यांनी आयुष्य अभिनयात घालवलं त्यांना मी चुटकीसरशी फसवतो, म्हणजे मी कोण असेन?

नुसतं वाटून थांबलो असतो तर ठीक होतं. मी ते सांगतही सुटलो. जेवायला बसलं की 'भूमिकेत शिरणं' असले शब्द वापरायला लागलो.

"आधी ताटात शिर," आत्या म्हणायची. "भाजीचा बर्फ झालाय."

आत्या आमच्याकडेच राहते आणि बोलण्यात कोणाची भीडभाड ठेवत नाही. आई मात्र खूश होती. कार्यक्रम लागला की शेजारणींना बोलावून ती पडद्यावर बोट ठेवायची. "हा बघा, हा कोपऱ्यातला, ज्याचं तोंड दिसत नाहीये तो."

बाबा त्या वेळी हमखास गाडी पुसायला बाहेर जायचे.

फुगा फुटला तो एका हॉटेलात. एका प्रसिद्ध गायकाला लिफ्टमध्ये अडकवायचं होतं. मी लिफ्टमन. लिफ्ट बंद पडली की मी आधी किल्ली हरवायची, मग रडकुंडीला यायचं आणि शेवटी गायकालाच धीर द्यायला लावायचं. गणवेशाचं एक बटण तुटलं म्हणून सुई-दोरा मागायला मी मेकअपकाकांना शोधत गेलो आणि चुकीचं दार उघडलं.

आत गायकमहाशय आरशासमोर उभे होते. त्यांनी डोळे मोठे केले, मग हात छातीवर ठेवला, आणि म्हणाले, "अरे बापरे, कॅमेरा." मग मान हलवून पुन्हा म्हणाले, या वेळी आधी हात आणि मग डोळे. काका शेजारी पावडरचा डबा धरून उभे.

"पहिलं बरं होतं," काका म्हणाले. "डोळे आधी. हात आधी गेला की छातीत कळ आल्यासारखं वाटतं."

मग दोघांनाही मी आरशात दिसलो. काकांच्या हातातला पफ तिथेच थांबला. गायक मात्र मोठ्या मनाचा माणूस, आरशातूनच हसला.

"तू लिफ्टमन ना? तुझे सगळे भाग पाहिलेत मी. छान घाबरतोस हं तू."

मी दार लावून घेतलं. बटण तुटलेलंच राहिलं.

काका मागोमाग बाहेर आले. त्यांना माझं तोंड बघवेना.

"सगळ्यांनाच माहीत असतं?" मी विचारलं.

"मोठी माणसं रे. त्यांचे सेक्रेटरी आधीच विचारून घेतात, कुठले कपडे घालायचे, कॅमेरा कुठल्या बाजूला आहे. एकाची डावी बाजू चांगली दिसते, एकाची उजवी." काकांनी हातातला पफ खिशात टाकला. "पण कोणीतरी खरं घाबरायला पाहिजे ना. नाहीतर कार्यक्रम खोटा वाटतो."

म्हणजे इतके दिवस मी ज्यांना फसवत होतो, ते सगळे मिळून मला फसवत होते, आणि पुन्हा वर माझं कौतुकही करत होते.

त्या दिवशी लिफ्ट अडकली, पण मी कोरडा ठणठणीत. रडायला गेलो तर जांभई आल्यासारखा चेहरा झाला. कानात मॅडम ओरडत होत्या, "घाबर, घाबर ना." गायक बिचारा डोळे मोठे करून करून दमला. मग काकांनी स्प्रेने माझ्या कपाळावर पाणी मारलं, तर पडद्यावर सगळे थेंब एका मापाचे दिसले, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखे.

"तुला कळलंय," मॅडम म्हणाल्या. चिडल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. "हे बघ, घाम होता म्हणून तू होतास. पुढचं शूटिंग सासूबाईंचं आहे. ते जमलं तर ठीक, नाहीतर मला दुसरा कोणी बघावा लागेल, ज्याला काही माहीत नाही. आणि असे चिक्कार आहेत."

सासूबाई म्हणजे एक ज्येष्ठ अभिनेत्री. मालिकांमध्ये खाष्ट सासवा रंगवून रंगवून त्यांचं खरं नाव लोक विसरले होते.

घरी सांगितलं, तर आईचा विश्वास बसेना. "त्या नटीने ओठ चावला होता रे त्या दिवशी. खोटंखोटं कोणी ओठ चावतं का?"

"तिला ओठ चावायचेच पैसे मिळतात," आत्या म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता समजावतील. ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, डोळे पुसत. माझ्या कामावर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते काम होतं फसण्याचं.

"म्हणजे स्टिअरिंग तुझ्या हातात," ते कसेबसे म्हणाले, "आणि ब्रेक सगळा त्यांच्या पायाखाली." पुन्हा हसले. मग जरा सावरून म्हणाले, "लागेल तेव्हा ये. सीट आहे."

ही सीट मला नको होती. त्या सीटवर बसायचं म्हणजे बाबांचं बरोबर होतं असं कबूल करायचं. त्यामुळे नोकरी टिकवायची तर आता मला खरोखरच अभिनय करावा लागणार होता, आयुष्यात पहिल्यांदा.

मी जय्यत तयारी केली. आतून स्वेटर घातला. निघण्याआधी जिन्याने वरखाली पळालो. एका शेजाऱ्याने विचारलं, काही हरवलंय का. घाम आला, आणि हॉटेलच्या एसीत शिरल्या शिरल्या वाळला.

प्रसंग साधा होता. सासूबाई एका सेक्रेटरीबरोबर जेवायला बसतील. मी वेटर. टोमॅटो सूप आणायचं आणि त्यांच्या पांढऱ्या पर्सवर सांडायचं. त्या कडाडतील, मी घाबरेन, निवेदक गुच्छ घेऊन येईल. सांडणं म्हणजे जगातलं सोपं काम. मी तर न सांगता सांडणारा माणूस.

सूप घेऊन मी टेबलापाशी गेलो. पर्स टेबलाच्या कडेला, अगदी सोयीने ठेवलेली. सासूबाईंचा श्वास रोखलेला. भुवई अर्धी वर चढवून तयार. त्यांच्याकडे पाहिलं आणि मला हसूही येईना, रडूही येईना. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, मला माहीत आहे हेही बहुधा त्यांना माहीत आहे. मग हे सांडायचं कोणासाठी? माझा हात वळेचना. मी वाडगा अलगद टेबलावर ठेवला. थेंबसुद्धा हलला नाही. इतकं सुरेख सूप मी जन्मात वाढलं नव्हतं.

"सांड," कानात मॅडम.

मी "आणखी काही?" असं विचारलं.

सासूबाईंची भुवई तिथेच अडकली. "मिरपूड," त्या म्हणाल्या. मी मिरपूड आणली. तीही सांडली नाही. त्यांनी पर्स जराशी माझ्याकडे सरकवली. मी ती उचलून अदबीने शेजारच्या खुर्चीवर ठेवली, डाग पडू नये म्हणून. खरं सांगतो, त्या वेळी माझं डोकं चालत नव्हतं. हातापायांना जे ठाऊक होतं ते ते करत होते.

"ती तिथे नको, इथे ठेव," सासूबाई दातांतून म्हणाल्या.

मी पुन्हा टेबलावर ठेवली आणि खाली रुमाल अंथरला.

"अरे सांड ना," कानात मॅडम. सेक्रेटरी घड्याळातल्या कॅमेऱ्याकडे बघायला लागला. सासूबाईंचा मोठ्या कष्टाने जमवलेला राग जागच्या जागी उकळत होता. त्यांच्या कपाळावर बारीक बारीक थेंब जमायला लागले. घाम. अस्सल.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तुला काहीच करायचं नाहीये का?"

"सूप गार होतंय, बाई," मी म्हणालो.

त्यांनी वाडगा उचलला आणि स्वतःच्या पांढऱ्या पर्सवर ओतला. पूर्ण, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामा वाडगा माझ्या हातात दिला. "एवढंही जमत नाही? एवढं एक काम?"

निवेदक गुच्छ घेऊन धावत आला आणि मधेच थबकला. द्यायचा कोणाला हे त्याला कळेना. सासूबाईंनी स्वतःची पर्स पाहिली, मला पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. ठरवलेलं नाही, नाकातून आवाज येणारं, गबाळं हसू.

"त्याला द्या," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मला कोणी असं फसवलं नव्हतं."

तो भाग तुफान गाजला. न सांडून केलेली फजिती, म्हणे. मॅडमनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "हे तू आधीच ठरवलं होतंस ना?" मी म्हणालो, नाही हो, माझा हात गळाठला होता. तर म्हणाल्या, "विनयही आहे." आईने शेजारणींना बोलावलं, आणि या वेळी पडद्यावर बोट ठेवायची गरज पडली नाही. सगळा पडदा माझ्याच तोंडाने भरला होता.

आणि तिथेच घात झाला. चेहरा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पुढच्या शूटिंगला मी हॉटेलचा दरवान होऊन उभा राहिलो तर तिथला खरा वेटर मला बघून हसायला लागला. रस्त्यावर बायका पर्स पोटाशी धरून माझ्या बाजूने जायच्या. ओळखू येणारा माणूस मॅडमच्या काय कामाचा? त्यांनी फार प्रेमाने निरोप दिला आणि माझ्या जागी एक नवा मुलगा ठेवला. त्याला काही माहीत नाही. तो म्हणे गुदगुल्या केल्यासारखा लाजतो.

हल्ली मी बाबांच्या सीटवर बसतो. पहिल्या दिवशी बाबांनी किल्ली दिली, बाकी काही बोलले नाहीत. आत्या बोलली, पण ते सोडा.

परवा एक गृहस्थ शिकायला आले. मला बघताच त्यांचा चेहरा उजळला. मग ते मान वळवून आरशात बघायला लागले, डॅशबोर्डवर बघायला लागले, आणि केस सारखे केले. पहिला गिअर टाकला तोही आरशाकडे हसून.

"समोर बघा," मी म्हणालो.

"हो हो," ते डोळा मारत म्हणाले, आणि आरशातल्या कॅमेऱ्याला आपली डावी बाजू दाखवत एका भिंतीच्या दिशेने निघाले.

"समोर भिंत आहे, काका."

"माहीत आहे हो सगळं."

माझी कॉलर भिजली. पाठ भिजली. मिशी असती तर हनुवटीवर आली असती. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकायला गेलो, तर स्टिअरिंग माझ्या बाजूला नव्हतंच.

गृहस्थांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"छान घाबरता हं तुम्ही," ते म्हणाले, आणि गुच्छ कुठून येतोय ते पाहू लागले.