रिकाम्या खुर्चीशी झालेला करार

जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या डोंगरपट्टीत कार्जानची वेनिंग ही पहिलीच पोर, जी जोगजा शहरातल्या विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला गेली. हे कसलं शिक्षण, असं कुणी विचारलं की कार्जान म्हणायचा, "देशादेशांची भांडणं मिटवायला शिकतेय. तिच्या आईचं आणि माझं जुळवलं तरी पैसे वसूल."

कार्जान गावाचा बोलणारा. वडाच्या अलीकडे गाव, पलीकडे 'ते', डोळ्यांना न दिसणारे. दर कापणीनंतर पिवळा भात, कोंबडी आणि फुलं वडाखाली ठेवायची आणि दरबारी जावाभाषेत म्हणायचं, 'आमच्या बाजूनं मी बोलतो.' एवढं म्हटलं की करार झाला: वर्षभर तुम्ही तिकडं, आम्ही इकडं. बोलणाऱ्यानं गाव सोडून राहायचं नाही. आणि ते वाक्य दुसऱ्यानं चुकूनसुद्धा उच्चारलं, तर बोलणाऱ्याचा मान त्याच्याकडे गेलाच म्हणून समजा.

एकुलती एक वेनिंग बापामागं टोपली धरून वाढलेली, तिला ते वाक्य तोंडपाठ. पण आता तिची निवड झाली होती जाकार्तात, परराष्ट्र खात्यात. कापणी उरकली की रुजू व्हायचं.

शेवटच्या सत्रात हार्सिनीबाईंनी वर्गात लुटुपुटीच्या वाटाघाटी ठेवल्या. दोन देश, मध्ये नदी. समोरच्या देशाचा पोरगा तिखट मिरची खाऊन पोट धरून झोपलेला, त्याची खुर्ची रिकामी. बाई म्हणाल्या, "खुर्चीशीच बोल. पुढं बरेच मंत्री तुला असेच भेटतील."

वर्ग हसला. वेनिंग उभी राहिली आणि बोलण्याच्या ओघात दरबारी भाषेत म्हणून गेली, 'आमच्या बाजूनं मी बोलते.'

बंद खोलीत चाफ्याचा वास सुटला. खुर्चीसमोरचा पाण्याचा पेला भरलेला होता, तो हळूहळू अर्ध्यावर आला. बाईंनी खडू खाली ठेवला आणि तास तिथंच संपवला.

संध्याकाळी बापाचा फोन. वडाखाली उजळणी करत होतो, म्हणाला, आणि ते वाक्य तोंडात येईचना. मग विचारलं, "तू कुठं काही बोललीस का गं?"

वेनिंग सकाळच्या गाडीनं घरी आली. कार्जान रागावला नाही. "परीक्षेआधीच नेमणूक झाली की तुझी," एवढंच म्हणाला. आई, सुमिनाह, मात्र हसली नाही. पोर बोलली तर जाकार्ता गेलं. न बोलली तर गावाचा करार मोडला.

कापणीनंतर भर दुपारी अख्खा गाव वडाखाली जमला. वेनिंगनं ते वाक्य म्हटलं. मग आजवर कुणी केलं नव्हतं ते केलं: कराराला पुरवणी मागितली. बोलणारी बाहेर राहील, दर कापणीला हजर होईल.

पानं हलायची थांबली. पलीकडून उत्तर आलं ते कार्जानच्या आवाजात. कार्जान तर तिच्या शेजारी उभा, तोंड मिटलेलं, कपाळाला घाम.

"तारण काय?"

जुने राजे तहासाठी आपली मुलं दुसऱ्याच्या दरबारी ठेवत, हे वेनिंग शिकली होती. नोकरी हातची जाईल या धास्तीनं ती म्हणाली, "माझं जे तुम्हाला हवं ते."

कार्जाननं तिचा दंड धरला. "कोऱ्या कागदावर अंगठा देतात का, पोरी?"

तोवर भाताची वाफ फुंकर मारल्यासारखी विरली होती; पलीकडून करार मान्य झाला होता.

वेनिंग जाकार्ताला गेली. हातपाय, आवाज, सगळं जागच्या जागी. साहेब खूश, कामाला वाघीण म्हणतात. इकडे सुमिनाहनं एकदा सवयीनं "वेनिंग" अशी हाक मारली आणि रिकाम्या स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "आले गं आई." पातेलं तिच्या हातून सुटलं. आता ती तिथं एक ताट वाढून ठेवते आणि पाठ करून बसते. कार्जान थट्टा करतो, "लोकांना एक लेक सांभाळवत नाही, आपल्याला दोन." पण स्वयंपाकघराची पायरी तो काही चढत नाही.

परवा जाकार्ताहून फोन आला. "आई, या कापणीला मी येतेय."

आतून त्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "आई, तिला सांग, जागा नाही."

सुमिनाह फोन कानाला धरून उभी राहिली. दोघीही तिच्या उत्तराची वाट बघत होत्या.