आंघोळीपुरती माय

हिंगणघाटात आमचं कापडाचं दुकान आहे, आणि मी तापट म्हणून घरात प्रसिद्ध आहे. गिऱ्हाइकानं दहा थानं उलगडायला लावून ‘पाहून येतो’ म्हटलं तरी मी हसतो. घरी चहात साखर कमी पडली की पारा चढतो. ‘दुकानात लोणी अन् घरात मिरची,’ असं आई मला म्हणायची. अशा माणसाच्या हाती तिचं शेवटचं दुखणं आलं.

आतड्याचा कॅन्सर होता. वय ऐंशीच्या पुढं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की आता बरं होणं नाही, घरी न्या, त्रास होणार नाही एवढं आपण पाहू. दर मंगळवारी तिथल्या एक नर्सबाई स्कूटीवर घरी यायच्या. रोग बरा करायला नव्हे, दुखणं आवरायला आणि आम्हाला शिकवायला.

‘आम्हाला’ म्हणजे मला एकट्याला. बायको पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. ती परत निघाली होती, पण आईनंच फोन हातात घेऊन तिला थोपवलं. “तू तिकडंच राह्य. येनाऱ्याले पाह्य. जानाऱ्याचं होऊन जाईन.” मग सेवेला बाई ठेवली, तर तिच्या बांगड्या वाजतात म्हणून आईनं घालवली. दुसरीचे हात गार होते, तीही गेली. शेजारच्या काकू जीव लावणाऱ्या, पण त्यांचे गुडघे त्यांनाच उचलू देत नव्हते.

आणि आई मला अंगाला हात लावू देईना. औषध घेई, चहा घेई, माझ्या हातची जाडीभरडी पोळीसुद्धा चघळून पाही. पण कपडे बदलायचे म्हटलं की पदर मुठीत धरून भिंतीकडं तोंड करायची. “पोरानं मायचं आंग पाहू नाई,” एवढंच म्हणायची. ओल्या लुगड्यात पडून राहायची, काकू येईपर्यंत. मी एकदा ओरडलो तिच्यावर. लुगडं ओलं ते ओलंच राहिलं.

त्या मंगळवारी नर्सबाईंनी मला आत बोलावलं. माकडहाडाजवळ लाल चट्टा उमटला होता. “भाऊ, हे फुटलं की जखम होते, आणि ती जखम मग काही केल्या भरत नाही,” त्या म्हणाल्या. “दर दोन तासांनी कूस बदलायची. अंग कोरडं ठेवायचं. चादरीला एक सुरकुती नको.” आडवी चादर अंगाखाली घालून माणूस कसं वळवायचं ते त्यांनी करून दाखवलं. आई डोळे मिटून होती. त्या गेल्यावर मी पलंगाशी उभा राहिलो. चट्टा फुटणार की आई मला हात लावू देणार, एवढाच प्रश्न होता.

संध्याकाळी मी कोमट पाणी आणलं. तिनं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मग मुठीतला पदर सोडला.

“हळू घासजो, माय,” ती म्हणाली.

मी धसकलो. शेवटी शेवटी माणसं ओळखत नाहीत, असं नर्सबाईंनी सांगून ठेवलं होतं. आलं ते, असं मला वाटलं. तिची आई केळझरची, माझ्या जन्माआधीच गेलेली. आता आईला माझ्या जागी ती दिसत होती. मी निमूटपणे पाठ पुसली. “पानी कढत आहे, माय,” ती कुरकुरली. मी गार पाणी घालून आणलं. सगळं उरकून स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याला टेकून रडलो. आई जिवंत होती आणि तिच्या लेखी मी नव्हतोच.

रोज तेच. अंग पुसताना, कूस बदलताना मी ‘माय’. पण एक गंमत माझ्या टाळक्यात शिरतच नव्हती. चादर झटकून थानासारखी ताणून बसवली की तीच आई म्हणायची, “गिऱ्हाईक समजून राह्यला का मले?”

पुढच्या मंगळवारी मी दारातच नर्सबाईंना सांगितलं, आईला भ्रम झालाय. त्यांनी तिच्याजवळ बसून विचारलं, “आजी, हे कोण?”

“माहा पोरगा. तुमाले नाई मालूम?”

“मग त्यांना माय काऊन म्हणता?”

आई माझ्याकडं न पाहता बोलली. “पोराच्या हातानं धुऊन घ्याची लाज वाटते, बाई. मायच्या हातची कायची लाज? म्हून आंग धुते तवा थो माही माय राह्यते. मंग पोरगाच.”

नर्सबाईंनी पेन मिटून ठेवलं. शाळा न पाहिलेल्या या बाईनं पडल्या पडल्या केवढं घडवलं होतं! लाज मोडली नाही, मला दुखवलं नाही. एक शब्द घेतला आणि आम्हा दोघांची अडचण त्यानं सोडवली. ज्या कुशीतून मी आलो ती कूस मी रोज माझ्या हातांनी वळवत होतो, आणि मला वाटत होतं की मीच तिला सांभाळतोय.

नंतर मी खरंच माय झालो. पाणी कोपरानं पाहायला शिकलो, तान्ह्या बाळाचं पाहतात तसं. तरी ती रोज म्हणायचीच, “कढत आहे.” लाल चट्टा हळूहळू मावळला. नर्सबाईंनी बोटानं दाबून पाहिलं आणि मान हलवली. दुकानातल्या सगळ्या दिवाळ्यांत मला तेवढा आनंद झाला नव्हता.

आई एका सकाळी गेली, ऊन दारात आल्यावर. शेवटचा श्वास इतका साधा होता की मी पुढच्याची वाट पाहत बसलो.

गल्लीतल्या बाया जमल्या. पाणी तापलं. बाईमाणसाची शेवटची आंघोळ बायाच घालतात, म्हणून मला बाहेर पाठवून त्यांनी दार लोटलं. मी ओसरीवर पुरुषांत जाऊन बसलो.

थोड्या वेळानं दार किलकिलं झालं. काकू भिंत धरत धरत बाहेर आल्या.

“मायले आत पाठवा,” त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना. कुणीतरी हळूच म्हणालं की हिची माय कधीच वारली. काकू सरळ माझ्याकडं आल्या. “तुही आई सांगून गेली मले. म्हने, शेवटचं पानी माह्या मायच्या हातचं पाह्यजे. ऊठ.”

मी आत गेलो. बाया बाजूला सरकल्या. घंगाळातल्या पाण्यात मी कोपर बुडवून पाहिलं. कढत होतं. थोडं गार घातलं.