फूमेचा मासा

फूमेला पोहायचं वेड. साठी उलटली तरी ही बाई डिसेंबरच्या गारठ्यात खाडीत उतरायची. आमचं अख्खं गाव समुद्रावर जगतं, पण समुद्रात उतरून त्याची विचारपूस करणारी ती एकटीच. सार्डिन माशांच्या कारखान्यात डबे भरता भरता तिची उमेदीची वर्षं सरली, लग्न राहून गेलं, शेवटी कारखानाही बंद पडला. मग थोरल्या भावाच्या, ज्वानेच्या घरी तळमजल्यावर तिला एक खोली मिळाली. वहिनी नेरीना तशी वाईट नव्हती. दोन वेळा पोटभर वाढायची, वाढताना उसासा तेवढा टाकायची.

ज्वानेची खाडीत काळ्या शिंपल्यांची शेती. गावातल्या निम्म्या घरांची तीच. शिंपल्यांची पिल्लं जाळीच्या लांबलचक पिशवीत भरायची, दोराला लटकवायची, माल तयार झाला की पिशवी चाकूनं टरकावायची आणि रिकामी जाळी फेकून द्यायची. कुठे म्हणजे काय? होडीतून खाली. बापाच्या काळात जाळी सुताची होती, कुजून जायची. आता ती प्लास्टिकची आली, पण हाताला लागलेली सवय कोण बदलणार!

एका नोव्हेंबरात तसलीच एक जाळी फूमेच्या पायांत अडकली. सोडवायला जावं तर आणखी गुंडाळली जात होती. नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेवढ्यात खडक हाताला लागला म्हणून वाचली. संध्याकाळी तिनं घोट्यावरचे वळ ज्वानेला दाखवले.

"घ्या!" तो म्हणाला. "जन्मभर जाळी टाकली, आणि घावली कोण, तर आमचीच म्हातारी!"

जेवणाच्या टेबलावर हशा पिकला. फूमेही हसली. ज्याच्या घरचं खातो त्याच्या विनोदाला हसावं लागतं.

"दादा, एक पोतं ठेव ना होडीत," ती हळूच म्हणाली. "कापलेली जाळी त्यात टाकायची. बाकी काही नको."

"आणि ते रिकामं कोण करणार?"

"मी करीन ना."

"खुळी आहेस. एवढा मोठा समुद्र, त्याला काय होतंय?"

ती दोनदा बोलली, तिसऱ्यांदा बोलली, आणि मग ज्वाने तिला टेबलावर "पोतंबाई" म्हणायला लागला. तेव्हा फूमेनं ठरवलं, आता पुस्ताच्या दिवशीच बोलायचं.

पुस्त म्हणजे गवताचा बाहुला. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास लागायच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला धक्क्यावर उभा करतो, त्याच्यावर खटला भरतो. गारांनी द्राक्षं झोडली, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, मासळी पडली नाही, सगळं त्याच्या माथी मारायचं आणि त्याला जाळून टाकायचं. त्या दिवशी सोंग घेतलेल्या माणसानं कुणालाही काहीही बोलावं, राग धरायचा नाही, असा आमचा रिवाज. फूमेनं विचार केला, वर्षात हा एकच दिवस आपला आहे.

सगळा हिवाळा ती खाडीच्या काठानं फिरली. लाटांनी फेकलेल्या जाळ्या पोत्यांनी गोळा केल्या, गोड्या पाण्यात धुतल्या, त्यांत रुतलेले शिंपल्यांचे तुकडे चिमट्यानं उपसले. मग अंगावर चढवता येईल असा मासा करायला घेतला. आत दारूच्या पिंपाच्या कड्या, त्यांवर तारांनी बांधलेलं जाळीचं अंग. फाटक्या चपलांचे तळ कापून केलेले पर. पाठीवर कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्यांचे काटे, बाटल्यांच्या झाकणांचे खवले. आ वासलेल्या तोंडातून फूमेचा चेहरा दिसायचा. कारखान्यानं तिच्या बोटांची वाट लावली होती, तरी तिनं एक टाका वाकडा पडू दिला नाही. मी खरंच सांगतो, इतकी देखणी आणि इतकी भयंकर गोष्ट आमच्या गावात कुणाच्या हातून घडलेली नाही.

ती धक्क्यावर आली तेव्हा वाजंत्री आपोआप थांबली. न्यायाधीश दरवर्षीप्रमाणे ज्वानेच होता, डोक्यावर फरशी पुसायच्या फडक्याचा टोप घालून. फूमे त्याच्यासमोर उभी राहिली.

"ही हिरव्या गाठीची जाळी ज्वानेची," माशाच्या तोंडातून ती बोलली. "ही निळी ऊगोची. ही पिवळी मार्चेलोच्या घरची. मी यात गुंतून मरत होते. माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक होडीत एक पोतं ठेवा."

कुणी हसलं नाही. ज्वानेची मान खाली गेली. ती खाली गेलेली मान बघून फूमेला वाटलं, आपण जिंकलो. तेवढा एक क्षण ती सुखात होती.

पण ज्वाने शरमला नव्हता, विचार करत होता. त्यानं मान वर केली.

"कोर्टानं ऐकलं. गुन्हा भयंकर आहे! आपल्या समुद्राची ही दशा कुणी केली?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून कुणीतरी ओरडलं, "पुस्तानं!"

"पुस्तानं! पुस्तानंच!" सगळा धक्का गरजला. ऊगो तर सगळ्यांत जोरात.

"मग मुद्देमाल आरोपीच्या अंगावर चढवा!"

"दादा, नको! अरे, मी खरं सांगतेय, दादा!"

"बघा, साक्षीदार कशी घाबरली!" ज्वाने म्हणाला, आणि लोक पोट धरून हसले. त्या दिवशी जे ओरडाल ते सोंगच ठरतं, हे फूमेच्या तेव्हा ध्यानात आलं.

चौघांनी तिला धरलं. नेरीना तारा सोडवत होती. "हळू रे, फाडू नका, किती खपलीय बिचारी," ती म्हणत होती. मासा निघाला, आणि सगळ्या गावासमोर फूमे लोकरीच्या जुन्या परकरात कुडकुडत उभी राहिली. गवताच्या बाहुल्यावर मासा चढवला, बाहुला धक्क्याच्या कडेला नेला आणि ज्वानेनं पेटवला.

प्लास्टिकच ते. काळा धूर उठला, आणि वितळलेले जळते थेंब टपाटप पाण्यात पडून चुरचुरले. लोकांनी नाकाला रुमाल लावले आणि रुमालाआडून जयजयकार केला.

पुस्ताची विधवा म्हणून गळा काढायचं काम टपालवाल्या बेपीचं. काळा झगा घालून त्यानं हेल काढला, आणि थबकला. शेजारी फूमे गुडघ्यांवर बसून रडत होती, नाक वाहत होतं, श्वास पुरत नव्हता. बेपीनं आपली काळी ओढणी काढून तिच्या डोक्यावर घातली. धक्काभर टाळ्या पडल्या. त्या थांबेनात.

ज्वाने धावत आला. त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. "फूमे, काय रडलीस गं! पुस्तासाठी असं आजवर कुणी रडलं नाही!"

"दादा," ती हुंदक्यातून म्हणाली, "ते पोतं..."

"अगं, झाला ना निकाल! दोषी ठरला, जळालासुद्धा. आता कशाला उकरून काढतेस?" आणि त्यानं गरम वडा तिच्या तोंडाशी धरला.

तेव्हापासून दरवर्षी पुस्ताची विधवा फूमेच. बेपीनं आपणहून झगा देऊन टाकला, नेरीनानं तो कमरेत आत घेतला. आजूबाजूच्या गावांतून लोक तिचं रडणं ऐकायला येतात. तिला रडायला काही आठवावं लागत नाही, झगा अंगावर चढवला की ओठ थरथरायला लागतात.

"आत्ता नको गं," मिरवणुकीच्या पुढून ज्वाने ओरडतो. "धक्क्यापर्यंत राखून ठेव!"

आणि फूमे राखून ठेवते.