सायकल ताईची, नाव धाकटीचं

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला मालकसुद्धा. ताई म्हणण्याचा खरा हक्क मात्र जगात एकाच माणसाचा होता, तिच्या धाकट्या बहिणीचा. आणि नेमकं धाकटीच्या तोंडून 'ताई' ऐकलं की तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटायची. चाळीस वर्षं ती आठी कुणाला दिसली नाही, कारण ताई ती हसून झाकायची.

त्या आठीचं मूळ एका सायकलीत होतं.

ताई शाळेच्या शेवटच्या परीक्षेत प्रथम श्रेणीत आली तेव्हा मामाने तिला सायकल दिली होती. साधीसुधी नव्हे, शर्यतीची. गडद मरून रंग, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, दहा गिअर. ताई कॉलेजला त्या सायकलवरून जायची, पण चालवण्यापेक्षा तिला ती पुसण्यातच गोडी जास्त. दर रविवारी साखळी काढून रॉकेलमध्ये बुडवायची, चाकातले छर्रे मोजून वाटीत ठेवायची. धाकटीला असल्या कामांचा कंटाळा. ती ताईची नजर चुकवून सायकल पळवायची आणि चिखलाने माखून आणायची. पण पळवायची ती अशी, की गल्लीतले लोक दारात येऊन बघत राहायचे.

मग कुठल्याशा प्रशिक्षकाने धाकटीला बघितलं. बाबांनी ताईला बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "तुला काय, फक्त कॉलेजला तर जायचं असतं. तिला शर्यतीत उतरायचंय. देऊन टाक ना."

"घेऊ दे की," ताई म्हणाली. एवढंच. त्यानंतर ती बसने जाऊ लागली.

धाकटी जिंकली. एकदा नाही, लागोपाठ तीन वर्षं. वर्तमानपत्रात तिचा सायकलीसकट फोटो आला आणि खाली छापलं होतं, 'आपल्या लाडक्या सायकलसह.' ताईने ते 'आपल्या' कितीतरी वेळा वाचलं. पुढे एका स्पर्धेहून परत येताना ट्रकमध्ये सामानाखाली सायकल चेपली, भंगारात गेली. धाकटी दोन दिवस रडली. सगळं घर तिची समजूत काढत होतं. सायकल कुणाची होती हे कुणाला आठवलंसुद्धा नाही.

धाकटी पुढे क्रीडाशिक्षिका झाली. तिची भाषणं व्हायची, आणि प्रत्येक भाषणाची सुरुवात ठरलेली: "माझी पहिली सायकल मरून रंगाची होती..." ताई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची आणि आतल्या आत तिचा तिळपापड व्हायचा.

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ती स्कूटरच्या चाकात हवा भरायला एका जुन्या दुकानात थांबली. भिंतीवर खिळ्याला सायकलचा एक सांगाडा लटकत होता. कुणीतरी त्याला हिरवा रंग फासला होता, पण नळ्या जिथे जुळतात तिथली नक्षी बघून ताई स्कूटर सोडून जवळ गेली. तिच्या मरून सायकलीचीच बनावट.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

"दुरुस्तीला टाकून गेला तो पुन्हा फिरकलाच नाही," मिस्त्री म्हणाला. "वीसेक वर्षं झाली असतील. तुम्ही न्या, माझी भिंत तरी मोकळी होईल."

घराच्या मागच्या गॅलरीत काम सुरू झालं. तिचे यजमान निवृत्त भूगोल शिक्षक, स्वभावाने थंड. त्यांनी आपल्या कुंड्या निमूटपणे एका कोपऱ्यात सरकवल्या. पहिलं दुखणं सीटच्या दांड्याचं निघालं. तो सांगाड्याच्या नळीत असा गंजून बसला होता की हलायचं नाव नाही. मिस्त्री म्हणाला, "करवत लावा आणि दुसरा बसवा." ताईने मान हलवली. हाच दांडा हवा. तिने रोज सकाळ-संध्याकाळ तेलाचे थेंब सोडले, नळीवर गरम पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळली. तीन आठवड्यांनी सुट्टीच्या दिवशी तिने सांगाडा प्रयोगशाळेत नेला, उलटा करून दांडा शिकंज्यात पकडला आणि नवरा-बायकोने दोन बाजूंनी सांगाडा फिरवला. कर्रर्र करून दांडा सुटला. यजमान धडपडून जमिनीवर बसले. ताई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

चाकं आणि गिअर जुन्या बाजारात मिळाले. कवळ्यांना चकाकी आणायच्या मोटरवर तिने गिअरच्या चकत्या घासल्या. चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, स्वतः काढला, तारा बोटांनी छेडून आवाजावरून ताण ओळखत. रंगाला मात्र सगळ्यांत जास्त दिवस लागले. माणसाच्या एका दातात पिवळ्याच्या किती छटा असतात हे बघण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. दुकानातला कुठलाच मरून तिला मानवेना. चिनीमातीच्या फरशीवर थेंबाथेंबाने ती लालात काळा आणि काळ्यात तपकिरी मिसळत राहिली. एका दुपारी फरशीवर तो रंग उतरला, तेव्हा तिने हातातली काडी अलगद खाली ठेवली.

यजमानांनी कौतुकाने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत धाकटीचा फोन.

"ताई गं! अगदी माझी सायकल! ऐक ना, पुढच्या महिन्यात माझा निरोपसमारंभ आहे. स्टेजवर ठेवूया का? सगळ्यांना दाखवता येईल, माझी पहिली सायकल अशी होती म्हणून."

"अजून व्हायची आहे पुरी," ताई म्हणाली.

"मी रविवारी येतेच. एक चक्कर मारून बघते!"

फोन ठेवल्यावर ताईचं डोकं तडतडायला लागलं. एक चक्कर! म्हणजे पुन्हा ती पळवणार, पुन्हा लोक दारात येऊन बघणार, आणि आपण हातात फडकं घेऊन उभ्या. धाकटी तिच्याहून चांगली चार-पाच बोटं उंच. तिला सीट वर घ्यावी लागणार. शनिवारी काम संपल्यावर ताईने पिशवीतून सीटचा दांडा काढला, कापायच्या मशीनखाली धरला आणि खालून एवढा कापला की सीट तिच्या स्वतःच्या मापाच्या वर जाऊच नये. जो दांडा वाचवायला तीन आठवडे घालवले, तो कापायला मिनिटही लागलं नाही. तुकडा खाली पडला तसं तिला ओशाळल्यागत झालं. आणि बरंही वाटलं.

रविवारी धाकटी आली. सायकलभोवती एक फेरी मारली, हँडलवर हात ठेवला आणि काही न विचारता टांग टाकली. सीट खाली होती. गुडघे पार कोपरांना लागत होते. ताईने मनात म्हटलं, आता उतरेल. पण ती उतरली नाही. तशीच, बेडकासारखी वाकडी होऊन ती इमारतीच्या आवारात सुटली, वळणावर कलली, गिअर बदलला आणि वाऱ्यासारखी परत आली. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं बघू लागली. खालच्या मजल्यावरच्या आजींनी टाळी वाजवली.

ताई हातात फडकं घेऊन उभी होती.

"सीट फार खाली आहे गं," धाकटी धापा टाकत म्हणाली. "थांब, वर घेते." तिने पान्याने पकड सैल केली आणि दांडा ओढला. तो सरळ हातातच आला. तिने खालचं टोक बघितलं. ताजी, चकचकीत कड होती.

"तू कापलास?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तू बसू नयेस म्हणून." ताई म्हणाली. "सायकल माझी होती. मामाने मला दिली होती. एकदा तरी सांगितलंस कुणाला?"

धाकटी दांडा हातात फिरवत राहिली. "नाही सांगितलं. विसरले म्हणून नाही, ताई. मुद्दाम. तू तिला घासूनपुसून ठेवायचीस म्हणून ती तशी पळायची, हे मला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बहिणीच्या जोरावर जिंकली. मला माझं अख्खं बक्षीस हवं होतं."

ताईला वाटलं होतं, हे ऐकलं की गार वाटेल. तसं काही वाटलं नाही. निदान खोटं तरी बोलली नाही, एवढंच मनात आलं.

"स्टेजवर देणार नाही मी," ती म्हणाली.

"नको देऊस," धाकटी म्हणाली, आणि दोघी चहा प्यायला आत गेल्या. चहा पिताना यजमान एकटेच हवामानावर बोलत राहिले.

निरोपसमारंभात धाकटी बोलायला उभी राहिली. "आजवर मी तुमच्याशी एक लबाडी केली," तिने सुरुवात केली. "ती सायकल माझी नव्हतीच. ती माझ्या ताईची होती. ती पहिल्या रांगेत बसली आहे." सभागृहात टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की तीन वर्षांच्या तिन्ही शर्यतींनंतर मिळून झाला नसेल. लोक ताईकडे वळून बघत होते. पण उठून उभे राहिले ते धाकटीसाठी. केवढं मोठं मन, असं ताईच्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली.

ताईने टाळ्या वाजवल्या. तिच्या मनात आलं, हिने हेही पटकावलं. कबुली दिली तीही जिंकून. घरी येताना तिने यजमानांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मग तिने काय करायला हवं होतं?"

सोमवारपासून ती प्रयोगशाळेत सायकलवरून जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात दोनदा पडता पडता वाचली, चढावर उतरून ढकलत गेली. कॉलेजची पोरं घंटी वाजवून पुढे निघून जात. तिला त्यांचं काही वाटत नसे. दुसऱ्या महिन्यात ती चढ न उतरता चढली, आणि वर पोचल्यावर रस्त्याच्या कडेला थांबून धापा टाकत स्वतःशीच हसली.

धाकटी आता रिकामी असते. रोज संध्याकाळी फोन करून विचारते, "आज किती किलोमीटर झाले गं?"

सहा झालेले असले, तर ताई नऊ सांगते.