भूकंपाला पंच हवा

अख्ख्या मुंबईत भूकंपाची इतक्या मनापासून वाट पाहणारा माणूस एकच असेल, आणि तो मुलुंडला आमच्या बरोबर खालच्या घरात राहायचा. आम्ही त्यांना खालचे काका म्हणायचो. पाणीकपात, डास, वाढलेला मेंटेनन्स यांतल्या कशालाच ते भीक घालत नसत, पण टांगलेली वस्तू म्हटली की ती भूकंपात डोक्यावर येणार म्हणून चार हात लांब सरकायचे. म्हणून घरात पंखा नव्हता. मे महिन्यात आलेले पाहुणे कोपऱ्यातल्या टेबलफॅनसमोर आळीपाळीने बसायचे. घड्याळ जमिनीवर, भिंतीला टेकवलेलं, वेळ बघायची तर उकिडवं बसायचं. आईवडिलांचा फोटोही गुडघ्याच्या उंचीवर. "नाहीतरी वाकायचंच असतं ना गं त्यांच्यापुढे," हे वर समर्थन. टांगायची मुभा होती ती फक्त गवंड्याच्या पितळी ओळंब्याला. तो हॉलच्या मधोमध लोंबकळायचा, आणि जमीन हलली की तो हलणार होता. प्रत्यक्षात तो आल्यागेल्याच्या कपाळाला लागून हलायचा. त्या घरात डोकं फोडू शकेल अशी तेवढी एकच वस्तू होती, आणि हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

काका कोर्टात बेलीफ होते. जप्तीला जायचं, पंचनामा करायचा, पंचांच्या सह्या घ्यायच्या, यात त्यांची सारी नोकरी गेली. त्यामुळे पंचाशिवाय जगात काही घडतं यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. दूध नासलं तरी पातेलं घेऊन वर यायचे. "वास घेऊन सांग." मी नाक मुरडलं की मगच ते दूध रीतसर नासायचं. भूकंपासाठी त्यांनी एक शंभर पानी वही घातली होती. वेळ, किती सेकंद, काय काय हललं, आणि शेवटी पंचाची सही. इतक्या वर्षांत सहीचा रकाना कोराच होता. एकदा काकूंना दुपारी काहीतरी जाणवलं, त्या हौसेने पेन घेऊन बसल्यासुद्धा, पण काकांनी वही मिटली. "घरचा पंच कोर्टात टिकत नाही." काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे काकू गेल्या आणि त्रयस्थ पंच म्हणून उरले मी, कारण मी बरोबर वर राहत होते.

बाजूच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट सुरू झालं आणि पायाचे खांब ठोकायच्या पायलिंगच्या दणक्यादणक्याला आमचा इंटरकॉम वाजू लागला. "हललं ना?" "काका, पायलिंग आहे." "ते कळलं गं. त्याच्या खालून काही?" माझी मुलगी दोरीवरच्या उड्या मारू लागली तरी फोन, सासूबाईंनी मिक्सर लावला तरी फोन. एकदा मी वैतागून विचारलंच, एवढं काय अडलंय तुमचं त्या भूकंपावाचून? तेव्हा त्यांनी सांगितलं. ते मूळचे चिपळूणकडचे. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आठ वर्षांचे होते. "आधीचे चार दिवस बारीक बारीक हादरे बसत होते. मी आईला सांगायचो, घर हलतंय. ती म्हणायची, झोप रे, माळ्यावर उंदीर असतील. पोराचं कोण ऐकतंय? मग त्या पहाटे गोठ्याची भिंत आली खाली. आमची तांबू होती आत." मग म्हणाले, "मला काही नको गं. कुणीतरी नुसतं म्हणायचं, हो, हललं."

आणि एका सकाळी खरंच हललं. मी ऑफिसला निघाले होते. दार ओढून घेणार तेवढ्यात पायाखालची लादी कुणी हळूच ओढून परत जागेवर ठेवावी तशी सरकली. जिन्याची ग्रिल वाजली. चार सेकंद, फार तर पाच. जिन्याच्या वळणावर काका उभे होते. आमचा पेपर आधी स्वतः वाचून मग वर आणून द्यायचा, हा त्यांचा रोजचा शिरस्ता.

"आज अमावस्या आहे," ते म्हणाले. "पायलिंग बंद, कामगार सुट्टीवर. जाणवलं ना गं?"

अमावस्येला बांधकामाला हात लावत नाहीत हे मलाही माहीत होतं. तेवढ्यात वरून आमचे सेक्रेटरी उतरले आणि हसले. "काका, सुरू झालं का पुन्हा तुमचं? ट्रक गेला असेल, यार. काय मॅडम, तुम्हाला काही वाटलं?"

हो म्हटलं असतं तर वही आली असती, सेकंदांवर चर्चा झाली असती, मला ओळंबा बघायला खाली जावं लागलं असतं. त्या महिन्यात माझे दोन लेटमार्क झाले होते आणि तिसऱ्याला अर्धी रजा कापतात. पण खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. सेक्रेटरींसमोर काकांच्या पंगतीत बसायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "नाही हो. मला काहीच नाही जाणवलं."

"बरं," काका म्हणाले. पेपर माझ्या हातात दिला आणि कठडा धरून सावकाश खाली गेले.

दुपारी बातमी आली. हलका धक्का, नुकसान नाही. मग काय, सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनाच तो जाणवला. सेक्रेटरींनी लिहिलं, "मी जिन्यातच होतो, चांगलाच जाणवला." तिसऱ्या मजल्यावरचे एकजण तर त्या दिवशी नाशिकला होते, त्यांनाही जाणवला. मी काही लिहिलं नाही. काकांच्या आईला खरंच उंदीर वाटले होते, तिची चूक प्रामाणिक होती. माझं तसं नव्हतं, आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं.

रविवारी नारळाच्या वड्या घेऊन खाली गेले. बसल्या बसल्या सांगून टाकलं, "काका, त्या दिवशी मला जाणवलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू चौकट धरलीस. मी बघितलं की."

मला वर बघवेना. म्हटलं, "मग वही आणा ना. आत्ता सही करते."

त्यांनी वडी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. "आता कशाला गं? पेपरात आलंय ना. पेपरात आल्यावर पंच लागत नाही." आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "तुला उशीर होत होता. कळतं मला."

रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे आमचीही बिल्डिंग रिकामी झाली आणि काका गोरेगावला लेकीकडे चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. अधूनमधून मी फोन करते. गुडघ्यांचं बोलणं होतं, नातवाच्या परीक्षेचं होतं. भूकंपाचं ते कधी काढत नाहीत, आणि मला विचारायचा धीर होत नाही.