पत्ते चालणार न्हाईत

देगलूरच्या आमच्या परमिट रूमचा मॅनेजर म्हणजे डोक्याला ताप होता. रविवारी दुपारी आम्ही मित्र नुसती रमी खेळायला बसलो, तरी तो टेबलापाशी येऊन उभा राहायचा. "पैसे लावत नाही हो," म्हटलं तर म्हणायचा, "आज न्हाई, उद्या लावाल. लायसन जाईल, साहेब." क्रिकेटवर चहाची पैज लावलेलीसुद्धा त्याला खपत नसे.

एकदा मालकाचा मेहुणाच दोस्तांना घेऊन तीनपत्ती खेळायला बसला. नोटा उघड्यावरच होत्या. मॅनेजरनं आधी समजावलं.

"बार कुणाचा हाय?" मेहुण्यानं विचारलं.

मॅनेजरनं आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि मालकाला फोन लावला. "इथं जुगार चालून राहिला. चावी घेऊन जा, मी चाललो."

भर उन्हात आम्ही त्यालाच शिव्या घालत उभे राहिलो. शेवटी मालक आला आणि मेहुण्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला. आम्ही परत आत आलो तोवर टेबलावरची माझी बियर गरम झाली होती. मी बदलून मागितली.

"उघडलेली बाटली बदलायचा नियम न्हाई, साहेब," तो म्हणाला. मालकाला द्यायला काढलेली चावी अजून त्याच्या मुठीतच होती.

मी ती गरमच प्यालो.