मावशीच्या जाळीसमोर कुणी बोलत नसे

मावशी गेली.

ती घुबड होती, हे आधीच सांगते. म्हणजे सांत्वनाचे फोन येणार नाहीत.

गव्हाणी घुबड. पांढऱ्या चेहऱ्याची. पतंगाच्या मांजाने डावा पंख खांद्यापासून गेला, तेव्हापासून वर्ध्याबाहेरच्या आमच्या रेस्क्यू सेंटरवर होती. मी तिथे रविवारी मदतीला जाते.

तिला उडता येत नव्हतं. पिल्लं सांभाळता येत होती.

घरट्यातून पडलेली पिल्लं आम्ही तिच्यापाशी ठेवायचो. ती उंदीर फाडून त्यांना भरवायची. पंख फुटले की पिल्लं जायची. मावशी राहायची.

नियम एकच. तिच्या जाळीसमोर बोलायचं नाही.

पिल्लांना माणसाचा आवाज म्हणजे जेवण असं वाटलं, तर बाहेर सोडल्यावर ती माणसांकडेच येतील. आणि घुबड दारात आलं की आपल्याकडे लोक काय करतात, ते मी इथे लिहीत नाही.

म्हणून गोणपाटाचा पडदा, त्याला बघण्यापुरतं भोक. बाकी सगळं खुणांनी.

पिंजऱ्यांचं सगळं बघणाऱ्या नंदाताई याबाबतीत भयंकर कडक. एकदा मला तिथे शिंक आली, तर त्यांनी पदराने माझं तोंडच दाबलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पुढच्या टायमाले आष्टीले जाऊन शिंकजा."

आज सकाळी त्याच नंदाताई आत गेल्या. मावशी खाली पडलेली दिसली.

आणि त्या ओरडल्या, "अवं माय वं!"

आत सिंदी रेल्वे गावातल्या एका कापसाच्या जिनिंगमधून आणलेली दोन पिल्लं होती. दोन्ही आवाजाकडे वळली. चोची उघडून, फिस्स फिस्स करत नंदाताईंकडे सरकायला लागली.

मी पोहोचले तेव्हा त्या गेटपाशी बसल्या होत्या.

"तोंडातून निघून गेलं न वं, ताई. आता ते मलेच माय समजून राह्यले त?"

"एकदा ऐकल्याने काही होत नाही," मी म्हणाले.

मला ते माहीत नव्हतं. अजूनही नाही.

सेंटरचे डॉक्टर फोनवर म्हणाले, आजच काण्याला आत सोडा. काण्या म्हणजे आमचं दुसरं गव्हाणी घुबड. तळेगावजवळ हायवेवर गाडीचा धक्का लागून एक डोळा गेलेला. पिल्लांशी कधी संबंध नाही.

"त्याले सोतालेच धड दिसत नाई," नंदाताई म्हणाल्या. "तो लेकरायले काय चारते!"

मावशीला कडुनिंबाखाली पुरलं. मग मी नुसती फेऱ्या मारत होते.

रोज संध्याकाळी ती तिरप्या ओंडक्यावरून चालत वर जायची. टोकाशी थांबून पंख उघडायची. एकच उघडायचा. ते बघून मला दर वेळी वाटायचं, हिला जगवलं ते हिच्यासाठी, की आमच्यासाठी? मग पिल्लू उडायचं आणि मी त्यातच उत्तर धरायचे. पण ते पिल्लाचं उत्तर होतं. तिचं नव्हे.

संध्याकाळी काण्याला आत सोडलं. उंदीर ठेवले. आम्ही दोघी आळीपाळीने भोकाला डोळा लावून.

पहिला उंदीर त्याने स्वतःच गिळला.

नंदाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. आवाज न करता.

दुसरा त्याने चोचीत धरला. मान पूर्ण वळवून चांगल्या डोळ्याने पिल्लांकडे पाहिलं. आणि तसाच उभा राहिला. किती वेळ!

मग दोघांतल्या धाकट्या पिल्लाने पुढे होऊन त्याच्या चोचीतून तो ओढून घेतला.

नंदाताईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून दुखतंय.

थोरला मात्र जागचा हलला नाही. गोणपाटाकडे तोंड करून बसला होता. आमच्याकडे.

गेटबाहेर आल्यावर नंदाताई म्हणाल्या, "आता बोला ताई. इथं चालते."

मला काही बोलता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

मावशी, तुझ्यासमोर कधी एक शब्द काढला नाही. आज पहिल्यांदा बोलतेय.

नीट जा.

थोरल्याकडे आम्ही बघतो. गप्प राहून.